राब का भाजायचा? मनोरच्या भातखाचरातून मातीतल्या जीवाणूंचा इतिहास

(हे पॉडकास्टच्या भागाचं लेखी रूप आहे. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘बेसिकली’ शक्य तितके काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

एप्रिल-मे महिन्यात तुम्ही मुंबई-अहमदाबाद हायवेने गेला असाल आणि मनोरला मस्तान नाक्यावरून आत वळला असाल, वाड्याकडे म्हणा किंवा विक्रमगडकडे, तर शेतात मधेच काळे चौकोन दिसले असतील. सगळं खाचर पिवळं, वाळलेलं, आणि एका कोपऱ्यात काही गुंठे जमीन जळून काळी पडलेली. शहरातून आलेल्या माणसाला वाटतं वणवा लागला असेल, नाहीतर कुणीतरी कचरा पेटवला असेल. पण तो राब आहे. मुद्दाम, मोजून-मापून, थर लावून भाजलेली जमीन. पावसाच्या तोंडावर भाताचं बी पेरलं जातं ते तिथेच.

आजचा प्रश्न एवढाच आहे: पेरायच्या आधी जमीन भाजायची कशाला?

प्रश्न साधा वाटतो, पण ह्याच्यावरून सरकारला कमिशन नेमावं लागलं, लंडनहून आलेल्या तज्ज्ञाला मत द्यावं लागलं, आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या तिघांनी त्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. उत्तर शोधता शोधता शास्त्रज्ञ राखेपासून सुरू झाले आणि पोचले मुळाभोवतीच्या मातीत राहणाऱ्या जीवाणूंपर्यंत. मी कोडिंग करणारा माणूस, शेतीचं शिक्षण नाही. पण ज्या जिल्ह्यात वाढलो तिथली रोजची गोष्ट जगाच्या विज्ञानाच्या इतिहासाशी इतकी थेट जोडलेली असेल असं वाटलं नव्हतं. म्हणून हा भाग.

आधी राब समजून घेऊ

आपल्याकडे भात दोनदा लावला जातो. आधी एका छोट्या तुकड्यात दाट पेरायचा, रोपं वितभर झाली की उपटून, जुड्या बांधून, चिखलणी केलेल्या खाचरात लावायचा. ह्या दुसऱ्या कामाला आपण आवणी म्हणतो. एक हेक्टर आवणीला पारंपरिक पद्धतीत साधारण १० गुंठे रोपवाटिका लागते, म्हणजे लावायच्या क्षेत्राच्या साधारण दहावा भाग. राब भाजायचा तो फक्त ह्या दहाव्या भागावर.

रचना अशी. खाली शेण, त्यावर झाडाचा टहाळ आणि वाळका पाला, त्यावर गवत किंवा पेंढा, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. मातीचा थर कशासाठी? जाळ भडकू नये म्हणून. पेटवायचं तेही वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग धावत जात नाही, सरपटत जाते. जमीन हळूहळू, जास्त वेळ तापते. टहाळ म्हटलं की जुनी माणसं ऐनाचं नाव पहिलं घेतात.

इकडच्या कुठल्याही जाणत्या शेतकऱ्याला विचारा की राब का भाजतोस, तर तीन-चार कारणं मिळतात. तण मरतं. रोप काळंभोर, जोमदार येतं. माती भुसभुशीत राहते, त्यामुळे उपटताना मुळं तुटत नाहीत. आणि न भाजलेल्या वाफ्यातलं रोप पिवळं, किरटं राहतं. ही यादी लक्षात ठेवा. पुढची १४० वर्षं शास्त्रज्ञ ह्याच यादीभोवती फिरणार आहेत.

१८८५: पाला कोणाचा?

तेव्हा पालघर जिल्हा नव्हता. तो झाला १ ऑगस्ट २०१४ ला. मनोर, डहाणू, जव्हारच्या कडेची गावं, सगळं ठाणे जिल्ह्याच्या हिशोबात. १८८२ साली निघालेल्या ठाणे गॅझेटियरमध्ये राबाची नोंद आहे. म्हणजे राज्यकर्त्यांना ही पद्धत चांगली माहीत होती.

भानगड सुरू झाली ती १८७८ च्या जंगल कायद्यानंतर. जंगल राखीव, संरक्षित अशा वर्गांत विभागलं गेलं आणि गावकऱ्याला झाडावर चढून टहाळ तोडायलाही परवानगीचा प्रश्न आला. इथे एक शब्द महत्त्वाचा आहे: वरकस. भातखाचराच्या वरची उताराची, हलकी जमीन. तिथे नाचणी, वरी पिकवायची आणि राबासाठी गवत, पाला मिळवायचा. थोडक्यात, खालचं खाचर चालत होतं ते वरच्या उताराच्या जिवावर. उतारावर बंधनं आली की खाली रोपवाटिका अडली. रोपवाटिका अडली की वर्षाचं पीक अडलं.

महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं ते १८८३ साली, आणि त्यातही जंगल खात्यामुळे शेतकऱ्याच्या झालेल्या अडचणीची तक्रार आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून, म्हणजे आजच्या पालघर, ठाणे आणि रायगडमधून तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारने १८८५ साली बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमलं. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राब हा त्यातल्या कळीच्या विषयांपैकी एक.

आता दोन्ही बाजू बघा. जंगल खात्याचं म्हणणं: दरवर्षी टहाळ तोडला तर झाड खुंटतं, जंगल उघडं पडतं. शेतकऱ्याचं म्हणणं: पाला नाही तर रोप नाही. आणि ह्या दोघांच्या मधे एक तांत्रिक प्रश्न लटकत होता. राब खरंच गरजेचा आहे का, की ती नुसती जुनी सवय आहे? सवय असेल तर बंद करता येईल. गरज असेल तर पाल्याचा हक्क द्यावा लागेल. म्हणजे मातीत नेमकं काय घडतं ह्या प्रश्नाच्या उत्तरावर हजारो कुटुंबांचा हक्क टांगलेला होता. आणि उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

डिसेंबर १८८९ मध्ये जॉन ऑगस्टस व्होल्कर हा इंग्लंडमधला कृषी-रसायनतज्ज्ञ भारतात आला आणि वर्षभराहून जास्त काळ देशभर फिरला. त्याचा अहवाल १८९३ साली छापला गेला. भारतीय शेतकऱ्याला अडाणी समजू नका, हा त्या अहवालाचा एकूण सूर. राबाची चर्चा त्यातही आहे आणि ती हेटाळणीची नाही.

राखेचा हिशोब जुळत नाही

त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञाला विचारलं असतं तर त्याने बोट राखेवर ठेवलं असतं. १८४० साली जर्मनीच्या लीबिगने मांडलं होतं की झाडाला जमिनीतून खनिजं लागतात. मग राब म्हणजे काय, तर राखेतून पालाश, स्फुरद, चुना देणं. झालं, सुटलं गणित.

पण एक अडचण आहे. रोप काळंभोर, गडद हिरवं होतं ही खूण कशाची? युरिया टाकणाऱ्या कुणालाही विचारा: नत्राची, म्हणजे नायट्रोजनची. आणि राखेत नत्र जवळजवळ नसतं. पाला जळताना त्यातलं बहुतेक नत्र धुराबरोबर उडून जातं. मग राखेत नत्र नाही, वरून कुणी नत्राचं खत दिलं नाही, तरी रोप हिरवंगार. हे नत्र आलं कुठून?

आमच्या कामात ह्याला ए/बी टेस्ट म्हणतात. समजा चार वाफे घेतले. एकाला काहीच नाही. दुसऱ्यावर दुसरीकडे जाळलेली राख आणून पसरली. तिसऱ्याची माती राख न घालता नुसती तापवली. चौथ्यावर पूर्ण राब. नुसत्या राखेच्या वाफ्याला राबाइतका फायदा झाला नाही आणि नुसत्या तापवलेल्या मातीला झाला, तर समजायचं की खरी गोष्ट उष्णतेत आहे. उष्णता मातीला नत्र देऊ शकत नाही, ती फक्त मातीत आधीच असलेल्या कशाला तरी हात लावू शकते. मग हे ‘आधीच असलेलं’ म्हणजे काय?

ह्याचं उत्तर देण्यासाठी जीवाणूशास्त्र जन्माला यायला हवं होतं. आणि योगायोग बघा, ते नेमकं त्याच वर्षांत येत होतं.

त्याच वर्षी, बर्लिनमध्ये

१८८५. ठाण्यात कमिशन नेमलं जात होतं आणि बर्लिनमध्ये आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ एक नवा शब्द बनवत होता. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाची महागडी बुरशी पिकवायची होती, ते काम फ्रँककडे आलं. ट्रफल पिकवायचं राहिलं बाजूला, त्याला दिसलं की जंगलातल्या झाडांच्या बारीक मुळांवर बुरशीचं वेष्टण असतं आणि झाड त्यामुळे आजारी पडत नाही. उलट बुरशी मुळाला जमिनीतून पाणी आणि खनिजं आणून देते आणि झाड तिला अन्न देतं. ह्या जोडीला त्याने नाव दिलं मायकोरायझा, म्हणजे शब्दशः बुरशी-मूळ. सुरुवातीला अनेकांनी त्याला वेड्यात काढलं.

पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, हेलरीगेल आणि विलफार्थ ह्या जोडीने दाखवलं की वाटाण्यासारख्या द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र वापरतात. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकने त्या गाठींमधला जीवाणू वेगळा करून दाखवला. भात कापल्यावर ओलीवर वाल किंवा हरभरा टाकायचा, बांधावर तूर लावायची, ही आपल्याकडची पद्धत. त्यामागचं रहस्य तेव्हा पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली आलं. पावसाळ्यानंतर कधी वालाचं रोप हळूच उपटून मुळं धुऊन बघा. मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एखादी नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला तर समजायचं की कारखाना चालू आहे.

मग १९०४ साली लोरेंझ हिल्टनरने रायझोस्फिअर हा शब्द आणला. मराठीत मूळपरिसर म्हणू. मुळाला चिकटून असलेली काही मिलिमीटरची माती ही बाकी मातीपेक्षा वेगळी असते, कारण मूळ तिथे सतत साखर, आम्लं, अमायनो आम्लं सोडत असतं. झाड उन्हात अन्न बनवतं आणि त्यातला बऱ्यापैकी वाटा मुळांवाटे मातीत ओततं. फुकट नाही ओतत. त्या अन्नावर जीवाणू वाढतात आणि मुळाला लागणारी द्रव्यं मोकळी करतात. एका ग्रॅम चांगल्या मातीत साधारण अब्जाच्या घरात जीवाणू असतात, आणि मुळालगत ती गर्दी आणखी वाढते.

पुणे, १९१२

आता पुन्हा आपल्याकडे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते हॅरल्ड मॅन, मूळचे रसायनतज्ज्ञ. हे नाव तुम्ही दुसऱ्या कारणाने ऐकलं असेल. पिंपळे सौदागर हे पुण्यातलं आजचं आयटीवाल्यांचं उपनगर, तिथे माझेही मित्र फ्लॅटचे हप्ते भरतायत. ते साधं खेडं असताना तिथल्या प्रत्येक शेताचा आणि कर्जाचा हिशोब मांडणारं पुस्तक मॅन यांनी १९१७ मध्ये काढलं. खेड्याच्या आर्थिक पाहणीचं ते भारतातलं अगदी सुरुवातीचं काम.

त्याच्या पाच वर्षं आधी, १९१२ मध्ये, मॅन, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर ह्या तिघांच्या नावावर पश्चिम भारतातल्या भातशेतीच्या राब पद्धतीवरचा प्रबंध प्रसिद्ध झाला, भारत सरकारच्या शेती खात्याच्या रसायन मालिकेत. डहाणू-मनोरकडचा वारली शेतकरी पिढ्यान् पिढ्या जे करत होता ते आता प्रयोगशाळेच्या टेबलावर आलं.

हा प्रबंध आला ती वेळ महत्त्वाची आहे. तीनच वर्षं आधी, १९०९ मध्ये, इंग्लंडच्या रॉथम्स्टेड केंद्रातले रसेल आणि हचिन्सन ह्यांनी एक विचित्र गोष्ट जाहीर केली होती. माती वाफेने तापवली किंवा विशिष्ट रसायनांची वाफ दिली, तर आधी जीवाणूंची संख्या कोसळते. पण काही दिवसांनी ती पूर्वीपेक्षा कितीतरी वर जाते आणि मातीत अमोनिया वाढतो. पीक जोरात येतं. ह्याला त्यांनी अर्धवट निर्जंतुकीकरण म्हटलं. म्हणजे माती पूर्ण मारायची नाही, अर्धी मारायची.

ओळखीचं वाटतंय? वरून माती टाकून, वाऱ्याच्या उलट पेटवून, मंद आचेवर भाजलेला राब. माती विस्तवाची भट्टी होत नाही. वरचे काही सेंटिमीटर चांगले तापतात आणि कोरडी माती उष्णता पुढे नीट जाऊ देत नसल्यामुळे खाली बरंचसं जिवंत राहतं. अर्धी माती मेली, अर्धी उरली.

जोशी-कानिटकरांची नावं पुढेही भेटतात. एन. व्ही. जोशी ह्या नावाने १९२० मध्ये शेती खात्याच्या जीवाणू मालिकेत द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींमधल्या जीवाणूंचा अभ्यास आला. भारतातल्या ह्या विषयावरच्या पहिल्या कामांत तो धरला जातो. आणि एन. व्ही. कानिटकर हे कोरडवाहू शेतीच्या संशोधनातलं मोठं नाव झालं. मातीवरच्या आपल्याकडच्या विज्ञानाच्या सुरुवातीच्या पानांवर कोकणातला राब बसलेला आहे.

खलनायकाचा झाला मदतनीस

आता ह्या गोष्टीतलं मला सर्वांत आवडलेलं वळण.

रसेल आणि हचिन्सन ह्यांचं स्पष्टीकरण असं होतं: मातीत प्रोटोझोआ नावाचे एकपेशीय जीव असतात, ते जीवाणूंना खातात. जीवाणू चांगले, कारण ते नत्र मोकळं करतात. प्रोटोझोआ वाईट, कारण ते चांगल्यांना खातात. उष्णतेने प्रोटोझोआ जास्त मरतात, जीवाणूंचे काटक बीजाणू टिकतात, म्हणून नंतर जीवाणूंचं राज्य येतं. गोष्ट पटण्यासारखी आहे, हीरो आहे, व्हिलन आहे.

पुढच्या दशकांत ही गोष्ट उलटी झाली. १९८५ मध्ये स्वीडनच्या मारियाने क्लार्होल्मने दाखवलं की प्रोटोझोआ असलेल्या मातीत झाडाला जास्त नत्र मिळतं. कारण असं: मूळ साखर सोडतं, त्यावर जीवाणू वाढतात आणि वाढताना मातीतलं नत्र स्वतःच्या अंगात कोंडून ठेवतात. ते नत्र झाडाला तिथून काढता येत नाही. मग प्रोटोझोआ येतात, जीवाणू खातात, आणि जीवाणूंच्या अंगात त्यांना लागतं त्यापेक्षा जास्त नत्र असल्यामुळे उरलेलं अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. कुठे? मुळाच्या अगदी शेजारी. म्हणजे झाड साखर खर्चून जीवाणू पोसतं, आणि प्रोटोझोआ ते नत्र सोडवून हातात देतात. ७६ वर्षांत खलनायकाचा मदतनीस झाला.

मग राबाने नेमकं काय केलं? आज उत्तर असं लागतं. उष्णतेने मेलेले जीव, जीवाणू, बुरशी, प्रोटोझोआ सगळेच, हेच त्या नत्राचं कोठार. त्यांची शरीरं वाचलेल्या जीवाणूंनी पहिल्या पावसानंतर खाल्ली आणि नत्र अमोनियाच्या रूपात मोकळं झालं. दुसरं, अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू उष्णतेला फार नाजूक असतात, ते लवकर परत येत नाहीत. त्यामुळे अमोनिया अमोनियाच राहतो. आणि भात हे अमोनियाच्या रूपातलं नत्र आनंदाने घेणारं पीक आहे. राखेतलं पालाश-स्फुरद हा वरचा बोनस, तणाचं बी जळालं हा आणखी एक, आणि तापून भुसभुशीत झालेली माती हा तिसरा.

राखेचा हिशोब जुळत नव्हता, तो असा जुळला.

शेतकऱ्याची यादी आठवा. तण मरतं: बरोबर. रोप काळंभोर होतं: बरोबर. उपटायला सोपं: बरोबर. ह्यातलं एकही वाक्य १४० वर्षांत बदलावं लागलं नाही. बदलत राहिलं ते विज्ञानाचं ‘कारण’, आणि विज्ञानाचं काम तेच आहे. पण १८८५ मध्ये ‘तुझ्याकडे कारण नाही म्हणून तुझा अनुभव सवय समजू’ असा जो दबाव शेतकऱ्यावर होता, तो मला आजही ओळखीचा वाटतो. सिस्टिम चालतेय, का चालते ते डॉक्युमेंटमध्ये नाही, म्हणून कुणीतरी ती बंद करायला निघतं. आमच्या धंद्यातही हे रोज होतं.

उन्हाचा राब

एक छोटी बाजूची गोष्ट. राब दहाव्या भागावर भाजला, मग बाकी नऊ भागांचं काय? ते ऊन भाजतं. मे महिन्यात मनोरच्या खाचराला भेगा पडतात, तेव्हा मातीतले कितीतरी जीव कोरडे पडून मरतात. पहिला पाऊस पडला की वाचलेले एकदम जागे होतात, मेलेल्यांना खातात आणि नत्राचा एक लोंढा सुटतो. केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्चने १९५८ मध्ये हे मोजून मांडलं, त्यावरून ह्याला बर्च परिणाम म्हणतात. ‘जमीन तापली पाहिजे’ असं आपल्याकडे म्हणतात ते ह्याचसाठी. आणि पहिल्या पावसाचा जो वास येतो, त्यातला मुख्य वाटा जिओस्मिन ह्या द्रव्याचा, जे मातीतले स्ट्रेप्टोमायसिससारखे जीवाणू बनवतात. तो वास म्हणजे खाली वस्ती आहे ह्याची खूण.

आवणीनंतर मूळ काय करतं?

भाताचं मूळ बुडालेलं असतं. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू जवळपास नाही. मग मूळ गुदमरत का नाही? भाताच्या खोडात आणि मुळात पोकळ नळ्या असतात, त्यातून हवा खाली जाते आणि थोडी मुळाबाहेरही झिरपते. त्यामुळे काळ्या, घुसमटलेल्या चिखलात प्रत्येक मुळाभोवती प्राणवायूचं एक पातळ कवच तयार होतं. तिथे वेगळे जीवाणू, बाहेर वेगळे. ऑगस्टमध्ये एखादा चूड उपटून मुळं धुतली तर त्यांच्यावर तांबूस, गंजासारखा थर दिसतो. तो खरोखरच गंज आहे. चिखलातलं विरघळलेलं लोह मुळाच्या प्राणवायूला भेटून तिथे साचतं.

आणि वर पाण्यात? १९३९ मध्ये पी. के. डे ह्यांनी दाखवलं की भातखाचरात वाढणारं निळं-हिरवं शेवाळ हवेतलं नत्र जमिनीत आणतं. भाताला खत न घालता वर्षानुवर्षं थोडंफार पीक येत राहतं, त्याचं हे एक मोठं कारण.

जंगलाची बाजूही ऐकू

इथपर्यंत ऐकून वाटेल की शेतकरी बरोबर, जंगल खातं चूक. इतकं सरळ नाही ते.

भारताच्या जंगल खात्याची घडी बसवणारा डिट्रिख ब्रांडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ, १८६४ पासून जंगलांचा महानिरीक्षक. जर्मनीत तेव्हा एक वाद गाजत होता: शेतकरी गोठ्यासाठी जंगलातला पाचोळा ओढून नेतात, त्याने जंगल उपाशी मरतं का? १८७६ मध्ये बव्हेरियाच्या एबरमायरने पाचोळ्याचा सविस्तर हिशोब मांडला आणि दाखवलं की पाचोळा हेच जंगलाचं खत आहे. फ्रँकचा मायकोरायझाही त्याच पाचोळ्याच्या थरात राहतो.

म्हणजे ठाण्यातलं भांडण वरून पाल्याचं होतं, खालून ते दोन मूळपरिसरांचं भांडण होतं. ऐनाच्या मुळाशी पोचायचं अन्न उचलून भाताच्या मुळाशी नेलं जात होतं. वरकस भरपूर आणि वस्ती विरळ होती तोवर दोन्ही मुळं जगत होती. एका बाजूने जमिनी राखीव झाल्या, दुसरीकडे सागासाठी आणि शहराच्या सरपणासाठी तोड झाली, आणि उरलेल्या थोड्या झाडांवर सगळा टहाळाचा भार आला. मग दोष मात्र कोयता हातात असलेल्या माणसाला लागला.

राबाचा तोटाही खरा आहे. पाला जळला की त्यातला कर्ब गेला, नत्र गेलं. मेलेल्या जिवांचं नत्र वापरणं म्हणजे बचत खात्यातून पैसे काढणं. रोपवाटिकेपुरतं, दहाव्या भागापुरतं, वरून शेण-पाल्याची भर घालत ते चाललं. तेच सगळ्या शेतावर केलं तर खातं रिकामं होईल.

मग आज काय?

राब आता कमी होतोय. पाला आणायला माणूस नाही, कारण घरातली माणसं वीटभट्टीवर किंवा बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत. गुरं कमी, म्हणून शेण कमी. वरकस विकली गेली. पण राब बंद करणं सोपं, त्याने केलेली कामं दुसऱ्या कुणीतरी करायला हवीत. तण मारणं, नत्र मोकळं करणं, माती मोकळी ठेवणं, खनिज देणं. चार कामं आहेत. एकाच पोत्यातल्या युरियाने त्यातलं एकच होतं.

पर्याय निघालेत आणि ते ह्या यादीच्या नजरेने बघायला मजा येते. डॉ. एन. के. सावंत ह्यांच्या चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख घालतात, ती सिलिका देते, रोप ताठ होतं. म्हणजे राबाचं खनिजाचं काम. शेतात गिरिपुष्पाचा पाला गाडतात, म्हणजे पाला जाळायच्या ऐवजी जीवाणूंना खायला द्यायचा. गिरिपुष्प हे गाठीवालं झाड, बांधावर वाढतं, जंगलावर भार नाही. वाफ्यावर उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवायची पद्धत इस्रायलच्या काटानने १९७६ मध्ये मांडली. ती तर राबाची चुलत बहीण: उष्णता तीच, धूर नाही.

आणि नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे ह्यांचं सगुणा राइस तंत्र सगळंच उलटं करतं. चिखलणी नाही, आवणी नाही, नांगरट नाही. गादीवाफे एकदा करायचे आणि भात कापल्यावर मुळं जमिनीतच ठेवायची. ती कुजतात, नळ्या उरतात, गांडुळं येतात, पुढच्या पिकाची मुळं त्याच वाटांनी खाली जातात. मूळ हेच खत, असा तो विचार. तण मारायला मात्र त्यात तणनाशकाचा आधार घेतला जातो, आणि तो मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, कारण राबाचं पहिलं काम तेच होतं. हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर आपल्या जिल्ह्यात कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि कर्जतचं भात संशोधन केंद्र तर १९१९ पासून आहे.

माझं म्हणणं एवढंच की ‘राब अंधश्रद्धा आहे, बंद करा’ हे जसं चूक, तसं ‘पूर्वजांना सगळं माहीत होतं’ हेही चूक. त्यांना जीवाणू माहीत नव्हते. त्यांना रोप माहीत होतं, आणि त्यांनी निरीक्षण नीट केलं होतं. ते निरीक्षण हातात घेऊन पुढे गेलो तर पर्याय टिकेल. ते टाकून दिलं तर रोप पिवळं पडेल आणि दोष पुन्हा शेतकऱ्यालाच लागेल.

शेवटी एक काम देतो. मनोर, विक्रमगड, वाडा, जव्हार, डहाणू, तुम्ही जिथे असाल तिथे घरातल्या आजी-आजोबांना विचारा: राबाला कुठला पाला चांगला, कुठला चालत नाही, थरांचा क्रम काय, पेटवायचा दिवस कसा ठरवायचे. रेकॉर्ड करा, शक्यतो त्यांच्याच बोलीत, आणि पाठवा. आलेल्या उत्तरांचा एक वेगळा भाग करू. आवणी सुरू व्हायच्या आत मिळालं तर बरं, नंतर कुणाला बोलायला वेळ नसतो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.